तळवे पाहिले

आमच्या ह्यांच्या पाया पडायला लोक रांग लावतात. सत्यनारायण आटोपला की यजमानीणबाई, तिच्या सुना, नातवंडं, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, सगळे वाकतात, आणि हे एका हाताने आशीर्वाद देत दुसऱ्या हाताने पिशवी भरत असतात. चिंतामणी गुरुजी म्हणजे जुळे सोलापुरातलं बडं प्रस्थ. अशा माणसाला एका पोरीने घरी येऊन सांगितलं, की गुरुजी, रोज दिवेलागणीला काकूंचे तळवे बघत जा. तेव्हा त्यांचं जे तोंड झालं, ते बघण्यासाठी मी आणखी एकदा मधुमेह लावून घेतला असता.

पोरीचं नाव ऋतुजा. गाव उजनीच्या पाण्याकाठी, घरची केळीची शेती, आणि ही डॉक्टर होऊन पुढचं शिकायला सोलापुरात आलेली. एका दवाखान्यातर्फे तिचं संशोधन चाललं होतं. शुगरवाल्यांच्या पायाची जाणीव हळूहळू जाते, जखम झाली तरी समजत नाही, आणि समजते तेव्हा सडलेली असते. म्हाताऱ्या माणसाला वाकून स्वतःचा तळवा दिसत नाही. मग घरातल्या जोडीदाराने रोज दोन मिनिटं तळवे पाहिले आणि काही दिसताच फोन केला, तर किती पाय वाचतात, हे तिला शोधायचं होतं. अठ्ठेचाळीस जोडपी निवडली होती. कुठे नवऱ्याला शुगर, कुठे बायकोला. आमच्याकडे मला.

पहिल्या दिवशी तिने माझे पाय तपासले. नायलॉनचा एक जाड धागा तळव्याला टोचायचा आणि मी डोळे मिटून सांगायचं, टोचलं की नाही. उजव्या पायाला थोडंफार कळलं. डाव्याची वेळ आली तेव्हा मी बराच वेळ बसून राहिले आणि शेवटी म्हणाले, "टोच की गं आता." तर ती म्हणाली, "काकू, दहा वेळा टोचून झालं."

मला आक्का आठवली. दुधनीला माझी थोरली बहीण असते, आम्ही तिला आक्का म्हणतो. चपलेचा अंगठा लागून तिला एवढासा फोड आला होता. सहा आठवड्यांत गुडघ्याखालचा पाय गेला. आता ती खाटेवर बसून आवाजाच्या जोरावर सुनांना पळवते, पण मला फोन केला की रडते. मला माझे दोन्ही पाय हवे होते. मी फॉर्मवर सही ठोकली आणि ह्यांच्या हातात पेन दिलं.

ह्यांनी सही केली, कारण पोरीसमोर नाही कसं म्हणणार. ती गेल्यावर मात्र पंचांग उघडून बसले. मला म्हणाले, अगं, आपल्यात असं असतं का, बायकोचे पाय नवऱ्याने धरायचे, तुलाच पाप लागेल. मी म्हटलं, अहो, लग्नात सहाणेवर नवरीचा पाय ठेवताना तुम्हीच नवऱ्यामुलाला तो हाताने धरायला लावता की. त्यावर उत्तर आलं, ते एकदाच असतं. म्हणजे एकदा पाय धरला की जन्मभराची सुट्टी. मी कपाळाला हात लावला.

भिंतीवर तक्ता लागला. तारीख, पुढे 'तळवे पाहिले', त्यापुढे खुणेची चौकट, आणि शेवटी 'काय आढळले'. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की हे तक्त्यापाशी जायचे, खूण करायचे, 'काही नाही' लिहायचे आणि खुर्चीत येऊन बातम्या लावायचे. मी सोफ्यावर, पाय पुढे करून. माझ्याकडे मान वळवायचीही तसदी नाही. कधीकधी रोजच्या रोज खूण करायचाही कंटाळा यायचा, मग रविवारी राहिलेल्या दिवसांचा हिशेब एकदम. मी एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली आहेत. एका बैठकीत भरलेला हजेरीपट मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येतो. शाई एक, तिरपेपणा एक, आणि दुसऱ्या शनिवारीसुद्धा सगळी पोरं हजर.

शहाण्या बाईने ह्यांना तिथेच फैलावर घेतलं असतं, नाहीतर ऋतुजाला फोन केला असता. मला मात्र खोडी सुचली. म्हटलं, ह्यांना पुराव्यासकट पकडायचं.

मी लाल टिकलीचं पाकीट काढलं. गुडघे दुखतात म्हणून वाकता येत नाही, तर टिकली फरशीवर गोंदाची बाजू वर करून ठेवली आणि उजवा पाय तिच्यावर दाबला. पाय उचलला तर फरशी रिकामी. झालं, कुंकवाचा धनी नाही पाहणार तर कुंकू तरी पाहील, असं म्हणून मी सोफ्यावर बसले. तक्त्यावर आलं: काही नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक टिकली. काही नाही. तिसऱ्या दिवशी चंद्रकोर. चौथ्या दिवशी भाचीच्या लग्नातली खड्यांची. आंघोळीला एखादी निघायची, तर मी तिच्या जागी दुसरी बसवायची. शेजारच्या गुरम्माला मी रोज दाखवायचे, आणि ती अक्कलकोटकडची बाई पदर तोंडात कोंबून कानडीत काहीतरी पुटपुटत हसायची. बारा दिवसांत माझा उजवा तळवा लग्नघरासारखा सजला आणि ह्यांच्या तक्त्यावर बाराच्या बारा दिवस 'काही नाही'. मला इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती.

तेराव्या दिवशी ऋतुजा महिन्याच्या भेटीला आली. मी मुद्दाम ह्यांना समोरच बसवलं. तिने तक्ता वाचला, गुरुजींचं अक्षर फार सुरेख आहे म्हणाली, आणि मग माझ्यापुढे फरशीवर बसून उजवा पाय मांडीवर घेतला. क्षणभर ती नुसती बघत राहिली. मी ह्यांच्याकडे बघत होते. मान खाली, कान लाल. मी म्हटलं, "बाई, लिहून घे. बारा टिकल्या, त्यातली एक खड्यांची, आणि गुरुजींना काही आढळलं नाही."

ऋतुजा हसली. मग तिने डावा पाय घेतला आणि तिचं हसू गेलं.

टाचेच्या भेगेत हिरव्या काचेचा तुकडा रुतलेला होता. भोवती सूज, आणि दाबल्यावर पू. मला आठवलं, पंधरा-वीस दिवसांपूर्वी भांडी घासताना माझी बांगडी वाढली होती. केर काढला होता, पण एक तुकडा राहिला असणार आणि मी अनवाणी. तेव्हापासून मी त्याच्यावर चालत होते, स्वयंपाक करत होते, दुसऱ्या पायावर टिकल्या चिकटवत होते. नवरा बघत नाही हे मला बारा दिवस ठाऊक होतं. माझ्या पायाकडे कुणीच बघत नाही, हे मात्र एकदाही डोक्यात आलं नाही. गुरम्मालाही मी रोज उजवाच पाय दाखवला होता. माझ्यासारखी मूर्ख मीच.

ऋतुजाची शहरी भाषा सुटली. "गुरुजी, हा पाय जाईल की हो," ती म्हणाली. "तुमाला खूण करायला कुनी सांगितलं हुतं? बघायला सांगितलं हुतं."

हे तसेच उठून बाहेर गेले. त्यांनी रिक्षा बोलावली. दवाखान्यात काच काढली, जखम साफ केली, फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, हाडाला अजून लागलेलं नाही, आठ-दहा दिवस आणखी गेले असते तर सांगता आलं नसतं. रोज ड्रेसिंग, औषधं, टाच टेकायची नाही. मी रात्रंदिवस आक्काच्या पायाचा विचार करत होते आणि मला भीती वाटत होती, सरळ सांगते.

तीन आठवड्यांनी ऋतुजाने सगळ्या जोडप्यांना दवाखान्यात बोलावलं. मी वॉकर धरून गेले. तिने नावं न घेता तक्ते वाचून दाखवले. जिथे नवरा आजारी होता तिथे बायकांनी रकाना कमी पडेल इतकं लिहिलं होतं. अंगठ्याजवळ भेग, तूप लावले. नख वाढलंय, ऐकत नाहीत. करंगळी लाल, फोन केला. अशा सहा जखमा वेळेत सापडल्या होत्या. जिथे बायको आजारी होती तिथल्या तक्त्यांवर नुसत्या खुणा, एकाखाली एक, शिस्तीत. त्या बायकांपैकी तिघींच्या जखमा चिघळल्यावरच सापडल्या, त्यातली मी एक. ती म्हणाली, मला कुणावर रागवायचं नाही, मला फक्त कारण पाहिजे, कारण कळलं नाही तर माझं सगळं काम खोटं ठरेल आणि पुढच्या बायकांचे पाय जातील.

पुरुषमंडळी पंख्याकडे बघू लागली. कुणी म्हणालं चष्म्याचा नंबर वाढलाय, कुणी म्हणालं उजेड कमी असतो.

तेव्हा आमचे हे उठले. सोलापुरातली निम्मी मंडळी त्यांना ओळखते, त्या खोलीत तर दोघा-तिघांच्या पोरांची लग्नं ह्यांनीच लावली होती. मला वाटलं, आता हे शास्त्र सांगणार.

"माझ्या तक्त्यातली एकही खूण खरी नाही," हे म्हणाले. "मी एक दिवसही पाहिलं नाही. बायकोच्या पायाशी बसायची मला लाज वाटली. कुणी पाहील म्हणून नव्हे, घरात कुणीच नव्हतं. तरी वाटली. हे लिहून घ्या."

मग मागच्या बाकावर धोंडीराम म्हणून एक शेतकरी होते, ते बसल्या जागेवरून म्हणाले, "आमचं बी तेच हाय, बाई. खूण आमच्या नातवानं केली." त्यानंतर एकेकाचं तोंड उघडलं. एकाने सांगितलं, तो पाहायला गेला होता, पण बायकोनेच पाय पदराखाली ओढून घेतले. बायका खाली बघून हसत होत्या, म्हणजे तेही खरंच होतं.

ऋतुजा भराभर लिहीत होती. खोट्या खुणा तिने फेकून दिल्या नाहीत, त्या कशा आणि का पडल्या हेच तिच्या कामातलं मोठं पान झालं. शिवाय तिने वरच्यांची परवानगी काढून उरलेल्या महिन्यांसाठी पद्धत बदलली. बायकांना नवऱ्याऐवजी आपल्या पसंतीची जोडीदारीण घेता येईल, शेजारीण, जाऊ, मुलगी, कुणीही. मी गुरम्माचं नाव दिलं. गुरम्मा आता रोज संध्याकाळी येते, दोन्ही पाय उलटेपालटे करते, लई बडबडते आणि चहा घेऊन जाते. बाकीच्या घरांतूनही फोन यायला लागलेत, ऋतुजा सांगत होती, आणि सगळे वेळेवर.

माझी जखम भरत आली. ह्यांनी त्या सभेनंतर विषय काढला नाही, मीही काढला नाही. भर सभेत माणूस एवढं बोलला, त्याला आणखी काय टोचायचं. आणि खरं सांगू का, तो मागे पाय ओढून घेणाऱ्या बायकोचा किस्सा ऐकला तेव्हा मला कळलं होतं, ह्यांनी हात लावला असता तर मीही ओढला असता.

गेल्या आठवड्यात गुरम्मा मुलीच्या बाळंतपणासाठी अक्कलकोटला गेली. चार दिवस येणार नव्हती. जाताना तिने बजावलं होतं, कुणाला तरी दाखव. मी मनाशी ठरवलं, ऋतुजाला बोलावेन पण घरात तोंड उघडणार नाही.

दिवा लागला. हे देवापुढून उठले, दार लावलं, कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला. मला वाटलं डास येतात म्हणून. मग स्वयंपाकघरातून बसायचा पाट आणला, माझ्या सोफ्यापुढे ठेवला, मोबाइलची बॅटरी लावली आणि गुडघ्यावर हात टेकत, मोठ्ठा हुंकार देत खाली बसले. मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस. त्यांनी हात पुढे केला आणि मी पाय मागे घेतला. आपोआप झालं. छातीत धडधडायला लागलं, एकसष्ट वर्षांच्या बाईच्या.

"हलू नकोस," हे म्हणाले.

त्यांनी डावा पाय धरला. त्यांचा हात मला जाणवत नव्हता, फक्त दिसत होता. टाच पाहिली, भरलेल्या जखमेच्या कडेने बोट फिरवलं, तळवा पाहिला, मग एकेक बोट वेगळं करून मधली जागा पाहिली. चौथ्या बोटापाशी थांबले. चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिलं.

"हे बोट वाकडं कधी झालं?"

"जन्मापासून आहे," मी म्हटलं.

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली आमच्या. हे बराच वेळ ते बोट धरून बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मला पुसताही येईना, कारण मग ह्यांनी वर पाहिलं असतं. मी पडद्याकडे बघत राहिले.

"आता दुसरा दे," हे म्हणाले.