किल्ली सासऱ्यांच्या हाती

अडलेली गाय म्हटलं की आसपासच्या गोठ्यांतून पहिला फोन तिलाच जायचा. गुरांची डॉक्टर म्हणून तिचं नाव होतं, आणि तीही हातातलं टाकून जीप काढायची. शाळेत असताना तिला फिट्स यायच्या. पण गोळ्या चालू होत्या, कित्येक वर्षं काही त्रास नव्हता, आणि मेंदूच्या डॉक्टरांनी होकार दिल्यावरच तिने गाडीचं लायसन्स काढलं होतं.

त्या आठवड्यात मात्र गुरांमध्ये साथ आली होती. झोपेचं खोबरं झालं होतं, गोळ्यांचाही मेळ राहिला नव्हता. सकाळी सासऱ्यांसमोर बसून चहा पिता पिता तिचा हात मध्येच थांबला. भानावर आली तेव्हा चहा मांडीवर सांडलेला, आणि सासरे खुर्ची सोडून तिच्याजवळ उभे.

"काय झालं गं?"

"काही नाही बाबा. डुलकी लागली."

"डोळे उघडे ठेवून?"

तेवढ्यात फोन वाजला. दूधवाल्या बाईंची गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर आला होता. नवरा कधीच कामावर गेला होता. तिने चुकलेली गोळी घेतली, कपडे बदलले, बॅग उचलली आणि खाली आली. सासरे मागोमाग आले. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, जीपच्या दाराशी येऊन उभा राहिला.

तिने जीप सुरू केली. क्षणभराचं तर होतं, रस्ता पायाखालचा आहे, अशी ती स्वतःची समजूत घालत होती. एवढ्यात शेजारच्या काकू भाजीची पिशवी सांभाळत जीपसमोरून पलीकडे निघाल्या. तिला बघून हसल्या, सावकाश चालत राहिल्या. ही गाडी थांबूनच राहणार, याबद्दल त्यांच्या मनात काही शंकाच नव्हती. तिने इंजिन बंद केलं.

"बाबा, ती डुलकी नव्हती."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायलाच खाली आलो होतो. तू किल्ली दिली नसतीस तर आपली चांगलीच जुंपली असती. सरक तिकडे."

सासऱ्यांनी जीप बससारखीच चालवली. वाटेत एका थांब्यावर माणसं दिसली आणि त्यांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

"बाबा, ही जीप आहे."

"पायाला काय माहीत?" ते म्हणाले, आणि तिला त्याही स्थितीत हसू आलं. तिने मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला. दुपारी तपासणीला या, आणि तोवर स्टीअरिंगला हात लावू नका, असं त्यांनी बजावलं.

गोठ्यात ती कामाला लागली. वासराची मान मागे वळली होती. ती सरळ करून, दोरी लावून, सासऱ्यांच्या आणि बाईंच्या मदतीने तिने वासरू बाहेर काढलं. त्यात जीव नव्हता. गाय मात्र वाचली.

"जरा आधी आला असतात तर?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

वासरू आधीच गेलं होतं असं सांगून मोकळं होणं सोपं होतं. "खरंच सांगता येणार नाही," ती म्हणाली आणि सकाळी झालेलं सगळं तिने सांगून टाकलं.

बाईंनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "माझा मुलगा त्याच रस्त्याने सायकलवर जातो," त्या म्हणाल्या. "तुम्ही चालवली नाहीत तेच बरं."

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि पुढचे काही महिने गाडी बंद केली. तिने सगळ्या गोठ्यांना स्वतः फोन करून कारण सांगितलं. काहींनी दुसरा डॉक्टर धरला. ते तिला लागलं. एकदा तर जीपमध्ये सासऱ्यांच्या शेजारी बसून ती रडली. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि तिचं रडणं संपल्यावरच पुन्हा सुरू केली.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी घरी येताच तिने सासऱ्यांना सांगून टाकलं, "झोप झाली नसेल किंवा गोळी चुकली असेल, तर गाडी तुम्हीच चालवायची."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस मी."

सासरे थोडे हिरमुसले. त्यांना सवय लागली होती.