सूक्ष्मदर्शकाला लावलेले हळदकुंकू

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मुळशीच्या शाळेतला. आणि मित्रांनो, स्वभावाने मी भारी काळजीखोर आहे. कारखान्यात माझी भिंगे बसवली तेव्हापासून मला एकच धास्ती: कुणी डोळा लावला आणि काहीच दिसले नाही तर?

तशी पहिली वर्षे बरी गेली. विज्ञानाचे सर मला खिडकीशी मांडत आणि मुले रांग लावत. कांद्याचा पापुद्रा, भातखाचरातले पाणी, स्वतःचे केस, काय काय दाखवले मी त्यांना! खंडेनवमीला पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बाळाबाई शाळेच्या घंटेची, खुरप्यांची आणि माझी पूजा करत. डोळा लावायची माझी वरची काच त्यांना माझे कपाळ वाटे. ओले बोट हळदकुंकवात बुडवून त्या नेमके तिथेच टेकवत. दसरा झाला की सर ते हळूच पुसून टाकत. बाळाबाईंना वाईट वाटेल म्हणून सांगत मात्र कधी नसत.

यंदा गणपतीआधीच सरांची बदली झाली. नव्या हेमलता मॅडमना, मी मोडलो तर काय, अशी भीती. त्यांनी मला कपाटात घालून कुलूप लावले. खंडेनवमीला तेवढा बाहेर आलो, बोट टेकले, पुन्हा आत गेलो. पुसले कुणीच नाही. अंधारात ते हळदकुंकू वाळत होते आणि माझा जीव खालीवर होत होता.

डिसेंबरात पुण्याच्या विज्ञान महोत्सवात आमच्या शाळेला एक टेबल मिळाले. त्यासाठी आठवीतली साजिदा महिनाभर मॅडमच्या मागे लागली होती, तेव्हा कुठे मी कपाटाबाहेर आलो. तिचे वडील ताजुद्दीन धरणात मासेमारी करतात. माशांची पिल्ले काय खाऊन वाढतात, ते तिला शहरातल्या माणसांना दाखवायचे होते. धरणाचे पाणी तिने पहाटेच बाटलीत भरून घेतले. मॅडमच्या सोबतीला आणि सामान धरायला बाळाबाईही आल्या.

पहिल्या गृहस्थांनी डोळा लावला.

"लालसर धुकं दिसतंय नुसतं. पाणीच घाण असणार तुमचं."

साजिदाचा चेहरा पडला. "पानी घाण न्हाई ओ काका. आमचे मासे त्यातच वाढत्यात."

पुढच्या दोघांनाही तेच दिसले. रांग पांगली. मी शरमेने अर्धा झालो. तेवढ्यात व्यवस्था पाहणारा वेदांत आला.

"दहा मिनिटांत चालू झालं नाही, तर हे टेबल दुसऱ्या शाळेला द्यावं लागेल. ते बाहेर थांबलेत."

मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पोरी, वर बघ, वर! पण काच खोलगट कडेत बसलेली. वरवर पाहणाऱ्याला डाग दिसेना. साजिदाने डोळे पुसले. काचपट्टीवरचे धरणाचे पाणी काढून नळाच्या पाण्याचा थेंब ठेवला. धुके तसेच. मग तिने डोळा न हलवता माझी वरची नळी हळूच फिरवली. धुकेही फिरले.

"मॅडम, पान्यात काय न्हाई! हितं वरच्या काचंला कायतरी लागलंय."

मॅडमनी घाईघाईने चष्मा पुसायचे मऊ फडके दिले. साजिदाने काचेवर श्वास सोडला आणि हलक्या हाताने पुसले. फडके तांबडे-पिवळे झाले. ते पाहून बाळाबाईंनी तोंडावर पदर धरला.

"आगं माझ्या कर्मा! हे तर माझ्याच हातचं हाय."

"ऱ्हाऊ द्या मावशी, निघालं ना. या, आदी तुमीच बघा."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

साजिदाने धरणाच्या पाण्याचा थेंब ठेवला आणि त्यांना हात धरून पुढे आणले. बाळाबाई वाकल्या. थेंबात एक पाणपिसू पोहत होती, माशांच्या पिल्लांचा खाऊ, मोहरीहून लहान, काचेसारखी आरपार.

"आगं बया! येवढुसा जीव, आन् ह्याचं काळीज हालतंय की गं!"

मागे पुन्हा रांग लागली, वेदांत पुढच्या टेबलाकडे गेला, तरी बाळाबाई डोळा काढेनात. पंधरा वर्षे त्यांनी मला हात जोडले होते. पण 'या, बघा' असे त्यांना तोवर कुणी म्हटलेच नव्हते.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटातही माझे एखादे भावंड असेल. त्याला बाहेर काढा, मऊ फडक्याने पुसा. आणि तुमचे बघून झाले की खिचडी शिजवणाऱ्या मावशींनाही बोलवा.