एकविसाव्या खोक्यावरचं बोट

मी एक जुना खोका आहे, आणि मी रागावलेला आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधेच कोणी म्हणायला नको, की पुठ्ठ्याला कसला आलाय राग! मित्रांनो, तीस वर्षं तोंड मिटून बसलेल्या पुठ्ठ्यालाही राग येतो.

माझ्या पोटात कॉम्प्युटरचा एक खेळ आहे. दोन फ्लॉप्या, एक पुस्तिका आणि गल्ल्यांचा एक नकाशा. खेळाचं नाव ‘दारि तप्पिद आने’, म्हणजे वाट चुकलेला हत्ती. दसऱ्याच्या मिरवणुकीतून एक हत्ती भलत्याच गल्लीत शिरतो आणि त्याला राजवाड्याच्या दारापर्यंत परत आणायचं, एवढाच खेळ. हल्लीच्या मुलांना तो पोरकट वाटेल. वाटू दे.

म्हैसूरच्या विजयनगरातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत माझा जन्म झाला. घर श्रीनिवासरावांचं. हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, घरात मराठी बोलणारं, पण दर चार शब्दांनंतर कन्नडमध्ये डोकावून येणारं. श्रीनिवासराव कॉलेजात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी खेळ लिहायचे. माझ्या झाकणावरचा हत्ती मात्र त्यांच्या पत्नीने, विशालाक्षीबाईंनी काढला. मांडीवर वर्षाचा उपेंद्र, एका हातात ब्रश, अशा अवस्थेत काढला. हत्तीच्या डोळ्यांत वाट चुकल्याची भीती आणि थोडा खट्याळपणाही होता. तो डोळा बघूनच मुलं मला हातात घ्यायची.

छापताना मात्र छापखानेवाला म्हणाला, की खालच्या पट्टीत एकच नाव बसेल. बसलं ते श्रीनिवासरावांचं. त्यांनी फारशी हुज्जत घातली नाही. तेव्हापासून त्यांच्यावरही माझा राग आहे, तो आजच काढतो.

आम्ही पहिले एकवीस खोके तयार झालो त्या दिवशी महानवमी होती. म्हैसुरात त्या दिवशी लोक आपापल्या हत्याराची पूजा करतात. बस, रिक्षा, शिवणयंत्र, काहीही सुटत नाही. आम्हालाही ओळीने मांडलं. विशालाक्षीबाईंनी तेलात कुंकू कालवलं आणि अनामिकेने प्रत्येकाच्या झाकणावर, हत्तीच्या कानापाशी, एकेक ठसा उमटवला. बोटावरच्या रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. पुढे आणखी दोनशे खोके निघाले, पण ते पातळ पुठ्ठ्याचे आणि बिनकुंकवाचे. आमच्यातले वीस विकले गेले. एकविसावा मी, घरात राहिलो.

उपेंद्र सहा वर्षांचा असताना विशालाक्षीबाई तापाने गेल्या. खेळांचं काम तिथेच थांबलं. मी माळ्यावर गेलो.

माळ्यावरचे दिवस कसले विचारता! दसऱ्यात घरोघरी बाहुल्या मांडतात, त्यांच्या पायऱ्यांना टेकू लागतो. वर्षातले दहा दिवस माझी आठवण व्हायची ती तेवढ्यासाठी. माझ्यावर पांढरं धोतर अंथरायचं, त्यावर लाकडी राजाराणी उभे करायचे. लोक यायचे, राजाराणीचं कौतुक करायचे, चणे खाऊन जायचे. माझी डावी कड त्यांच्याच वजनाने चेपली. ज्याच्या जिवावर बसायचं त्यालाच झाकून ठेवायचं, ही माणसांची जुनी खोड आहे.

गेल्या महिन्यात श्रीनिवासरावांनी मला खाली काढलं. त्यांचं वय आता पंच्याहत्तरीला आलं. हूटगळ्ळीला कांचन नावाची एक मुलगी राहते. ती नोकरीसाठी साताऱ्याहून इकडे आलेली, आणि जुन्या खेळांचे खोके तपासून कोणता किती दुर्मीळ, किती किमतीचा ते एका वहीत नोंदवते. तिची नोंद जाणकार मानतात. श्रीनिवासरावांनी तिला बोलावलं. विकायला नव्हे. चित्र कोणाचं होतं, ते एकदा कोणीतरी नीट लिहून ठेवावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण उपेंद्रला त्यांनी ती येणार एवढंच सांगितलं, कशासाठी ते सांगितलं नाही. या घरात महत्त्वाचं कोणी कोणाला सांगतच नाही.

उपेंद्र आता तिशीतला. वाईट नाही हो तो, पण हुशार आहे, आणि तीच पंचाईत. त्याने रात्रभर मोबाईलवर वाचून काढलं, की खोका जितका कोरा तितका त्याला मान जास्त, आणि बंद प्लास्टिकातला असेल तर विचारूच नका. सकाळी त्याने मला मागच्या ओट्यावर नेलं. कापसाच्या फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि हत्तीच्या कानापाशी घासायला लागला.

मला ओरडता आलं असतं तर गल्ली गोळा झाली असती. तो घासत राहिला. आधी लाल गेलं, मग कानाचा करडा रंगही गेला, आणि खालचा पांढरा पुठ्ठा दिसायला लागला तेव्हा गडी म्हणतो, “हां, आता स्वच्छ!” फडकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. या शहराला स्वच्छतेचा भारी अभिमान. कचऱ्याची गाडी अगदी वेळेवर आली आणि घेऊन गेली.

एवढ्यावर भागलं नाही. मला स्कूटरवर घालून तो मिठाईच्या दुकानात गेला. तिथे भेटीच्या पेट्यांना पारदर्शक कागद चढवून गरम हवेने आवळतात. मलाही आवळलं. आत पुस्तिका होती. ती उघडून बघावी, एक पान उलटावं, असं एकदाही त्याच्या मनात आलं नाही.

दुपारी कांचन आली. तिने मला हातात घेतलं, कडेने नख फिरवलं आणि हसली.

“काका, हे प्लास्टिक आजचंच दिसतंय. वास येतोय, म्हैसूरपाकाचा.”

उपेंद्र ओशाळला. तिने कागद कापला, बॅटरी लावली, भिंगातून पुठ्ठ्याची जाडी पाहिली, फ्लॉप्या मोजल्या, नकाशा उलगडला. तिचा चेहरा उजळत गेला.

“पुठ्ठा तर पहिल्या खेपेचा आहे. असा एकच खोका मी पाहिलाय, कृष्णराजनगरला. पण त्याच्यावर कानापाशी कुंकवाचा ठसा होता, बोटाचा. तीच पहिल्या खेपेची खूण. इथला ठसा कुठे गेला?”

“तो डाग?” उपेंद्र म्हणाला. “सकाळीच पुसला की. घाण दिसत होतं.”

कांचनने भिंग खाली ठेवलं. श्रीनिवासराव आरामखुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच थांबले.

“अय्यो, त्यात काय एवढं?” उपेंद्र देवघराकडे वळला आणि कुंकवाचा करंडा घेऊन आला. “परत लावतो. कुंकू ते कुंकूच. कोणाला गोत्तागतं, सांगा!”

कोणाला कळणार आहे, म्हणे! त्याचं बोट करंड्यात बुडलंसुद्धा.

“बेडा, उपेंद्रा, नको!” श्रीनिवासरावांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. “बेडा म्हणतो ना! आधी पुस्तिकेचं शेवटचं पान वाच. मोठ्याने वाच.”

पानावर छापील काही नव्हतं, नुसत्या निळ्या शाईत कन्नडमध्ये लिहिलेल्या चार ओळी. उपेंद्रने वाचल्या. कांचनला कन्नड वाचता येत नाही. ती हळूच म्हणाली, “मलाही सांगा ना, काय लिहिलंय.”

त्याने मराठीत सांगितलं, थांबत थांबत. “‘आज एकवीस खोक्यांना कुंकू लावलं. झाकणावर दोघांची नावं मावत नाहीत म्हणे. असू दे. माझं बोट मावलं.’” मग तो म्हणाला, “खाली सही आहे. अम्माची.”

कुंकवाचं बोट त्याने हवेतच धरलं होतं. ते कुठे पुसावं, हे त्याला कळेना.

“अप्पा, तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस कधी?” श्रीनिवासराव म्हणाले, आणि लगेच मान खाली घातली. “माझंच चुकलं. चित्र तिने काढलं, तिचं नाव छापायला पाहिजे होतं. तेव्हा मी सुम्मने, गप्प बसलो.”

उपेंद्र ओट्याकडे धावला. डबा रिकामा होता.

कांचनने वहीत लिहिलं. पहिली खेप, एकविसावा खोका, खूण पुसलेली. किमतीची जागा तिने कोरी ठेवली. खाली, उपेंद्रने सांगितलं तसं, लिहिलं: चित्र, विशालाक्षी. एवढं तरी झालं. पण तीस वर्षं उशिरा झालं, आणि माझा कान सोलून झालं.

आता मी बैठकीच्या खोलीत कपाटात असतो. ऑफिसला जाताना उपेंद्र काच सरकवतो आणि त्या पांढऱ्या जागेवर अनामिका टेकवतो. लावत काही नाही, नुसती टेकवतो. मला त्याची दया येते, पण राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ झटका, त्यांना वाळवी लागू देऊ नका. पण एखादा डाग पुसायला फडकं उचलाल, तेव्हा आधी घरात कोणाला तरी विचारा. त्या सकाळी उपेंद्र मला घासत होता तेव्हा विचारण्याजोगा माणूस पाच पावलांवर पेपर वाचत बसला होता.