माणूस बसलेली गाडी

पंथापंथांच्या त्या लढाईत बैरुतमध्ये कोणी गाडी रिकामी सोडून दुकानात जात नसे. रिकामी गाडी म्हणजे बॉम्ब, आत माणूस असला तर काळजी नाही. माझा नवरा मलाच बसवून जायचा. लग्नानंतर माझा उपयोग त्याला प्रथमच कळला होता.

त्या सकाळी बेकरीसमोर एक अनोळखी पांढरी गाडी होती. पण आत शेजारच्या नझीहची आई दिसली, म्हणून आम्ही साताठ जणी निर्धास्त रांगेत उभ्या राहिलो.

पाव घेऊन मी खिडकीशी गेले. "मावशी, नझीहनं गाडी घेतली आणि तोंड गोड केलं नाही?"

"कुठली गं त्याची! पाय भरून आले, दार उघडं होतं, बसले. कोणाची, देव जाणे."

"पळा!" मी ओरडले आणि त्यांना बाहेर ओढलं.

"अगं, चप्पल राहिली!"

"राहू दे!"

कोपरा वळलो, तोच मागं स्फोट झाला. रांगेतल्या सगळ्या वाचल्या. भट्टीपाशी असलेला बेकरीवाला हसीब गेला.

मावशी म्हणाल्या, "मला बघूनच थांबलात ना गं तुम्ही?"

"छे, मावशी. पाव गरम होता म्हणून."