कामाशिवाय चिठ्ठी नाही

आमच्या कारखान्यात एकच कायदा आहे आणि तो माझा आहे: कामाशिवाय चिठ्ठी नाही. कापडाला टाचणीने चिठ्ठी लागली की काम ठरलं. लांबी, रुंदी, चुण्या किती, कड्या कुठल्या, जे चिठ्ठीवर आहे ते होणार. पडदे शिवण्यात माझी चाळीस वर्षं गेली. शाळेत मी दोनच वर्षं गेले, तीही पाटी फोडण्यापुरती. पण चिठ्ठी माझ्याशी कधी खोटं बोलली नाही.

म्हणून कापणीच्या टेबलाच्या खणात, खडूच्या डबीखाली चिठ्ठ्यांचा गठ्ठा सापडला तेव्हा मी एकेक चिठ्ठी उलटून पाहिली. अक्षर सुनेचं. आकडा एकही नाही. सगळं इंग्रजी.

कापणी सून करते. तिच्यासारखा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही, आणि हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. सांगितलं की माणसं चढतात. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. म्हणजे कारखाना आम्हा दोघींवरच. तिने कात्री खाली ठेवली तर मी काय हवा शिवणार?

आणि गेले दोन महिने तिची लक्षणं ठीक नव्हती. इस्त्री करताना ओठ हलायचे, आवाज नाही. एका कानात ती फोनची वायर. मी आत आले की वायर पदराखाली. जप करणाऱ्यातली ती नव्हे.

वरच्या तीन चिठ्ठ्या घेतल्या आणि कोपऱ्यावरच्या बटणवाल्याकडे गेले. तो चार बुकं शिकलाय, ते तो विसरू देत नाही.

"वाच," मी म्हटलं.

"मावशी, चष्मा तरी लावू द्या. आय वॉन्ट टू लीव्ह. मला निघून जायचंय."

"कुठे?"

"ते लिहिलेलं नाही."

"पुढची."

"वी डिसायडेड टू सेल द शॉप. आम्ही दुकान विकायचं ठरवलं."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मला काय विचारता? मी बटणं विकतो."

"तिसरी वाच."

"शी रिफ्यूज्ड टू हेल्प मी. तिने मला मदत करायला नकार दिला." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मावशी, ही 'ती' कोण हो?"

"तुझी आजी. दे इकडे."

"एक गंमत बघा, सगळीकडे हे 'टू' आहे. हवंय, ठरवलं, नाकारलं, मग टू, मग काय करायचं ते."

"म्हणजे आधी मनातलं, मग करणं."

"अगदी तसंच."

"कटसुद्धा असाच असतो," मी म्हणाले आणि निघाले.

सुनेला काही विचारलं नाही. विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करणं. मी फक्त डोळे उघडे ठेवले. ती पाणी प्यायला उठली तरी माझी सुई थांबायची.

दुसऱ्या दिवशी ती कड्या आणायला बाजारात गेली आणि दारात एक बाई उभी राहिली. कडक कॉलर, हातात वही, पायात आवाज न करणारे बूट. सुनेचं नाव घेऊन घडाघडा इंग्रजी बोलायला लागली. मला त्यातलं दोनदा 'वॉन्ट' आणि चारदा 'टू' एवढंच कळलं. पुरे होतं. चिठ्ठ्या लिहिणारी घरातली, न्यायला येणारी बाहेरची. मी दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकले.

"नो," मी म्हटलं. एवढं इंग्रजी मलाही येतं.

बाईने एक कार्ड पुढे केलं. मी ते घेतलं आणि दार लावलं. कार्ड चिंध्यांच्या पोत्यात.

सून आली. "आई, कुणी आलं होतं का?"

"कोण येणार?"

ती कापत होती आणि घड्याळ बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिची कात्री रेघेवरून सरकली. पाच वाजता तिने खडू ठेवला.

"आई, आज नव्या दवाखान्याच्या बाई यायच्या होत्या. तीन मजल्यांचे पडदे आहेत. त्यांना आपली भाषा येत नाही, म्हणून मी दोन महिने फोनवर शिकत होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"जमलं नसतं तर तुम्ही जन्मभर ऐकवलं असतं."

ऐकवलं असतं. मी त्या तीन चिठ्ठ्या टेबलावर आपटल्या. "मग हे काय?"

तिने पाहिलं. आधी हसली, मग माझं तोंड बघून थांबली. "अहो, ही धड्यातली वाक्यं आहेत. हवं असणं, ठरवणं, नाकारणं, विसरणं, यांच्यामागे टू लावून पुढचं काम जोडायचं. प्रत्येकाची दहा वाक्यं. वही आणली असती तर तुम्ही कशाला म्हणून विचारलं असतं."

"आणि सगळ्या वाक्यांत तूच पळून जातेस?"

"एकात तुम्हीही आहात." तिने खणातल्या गठ्ठ्यातून एक चिठ्ठी ओढली. "माय मदर-इन-लॉ मेक्स मी वर्क. सासू मला काम करायला लावते. यात टू नाही. करायला लावणं आणि करू देणं, या दोन्हींना टू लागत नाही."

"बरं झालं. मी कुणाचं फुकटचं घेत नाही. करू देण्याचं वाक्य कुठाय?"

"ते अजून सुचलं नाही," ती म्हणाली. नजर खाली, पण धार वर.

मग मला सांगावंच लागलं. बाई आली होती, दार मी लावलं. ती कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. रडली नाही. रडली असती तर मला ओरडता आलं असतं.

"कार्ड?"

मी पोत्याकडे बोट केलं. दोघींनी मिळून पोतं उपडं केलं. सगळ्या खोलीभर चिंध्या. कार्ड मलाच सापडलं, अस्तराच्या कात्रणांत.

"मी फोन करते," ती म्हणाली.

"घाण मी केलीये, मीच काढीन. काय म्हणायचं ते सांग."

"आय रिफ्यूज्ड टू ओपन द डोअर. मी दार उघडायला नकार दिला. खरं तेच सांगावं."

"खरं तुझ्या बाईला काय करायचंय? ते विसरण्याचं कुठलं?"

तिने कार्ड टेबलावर सरळ केलं. मग म्हणाली, "आय फरगॉट टू आस्क यू टू सिट. तुम्हाला बसा म्हणायचं मी विसरले."

दहा वेळा घोकलं. दोन टू होते, दोन्ही वेळा जीभ अडकली, पण टाका सुटू दिला नाही. फोनवर बाई हसली आणि भराभरा काही बोलली. मी फोन सुनेच्या हातात दिला. ती थांबत थांबत, एकेक शब्द कापडासारखा मोजून बोलली. ठेवला.

"उद्या दहाला येतायत. नमुने बघायला."

"तूच बोल. मी मध्ये पडणार नाही."

आता संशयाने बघायची पाळी तिची होती. "नक्की?"

"मी सांगितलं ना."

ती नमुन्याच्या पडद्यावर खडूने रेघ मारायला लागली. मी चिंध्या भरत होते. हातातलं न थांबवता विचारलं, "ते पहिलं. निघून जायचंय. तेही धड्यातलंच?"

"धड्यातलंच."

"कुठे जायचं ते नाही लिहिलं."

"तिथवर धडा नव्हता, आई." रेघ सरळ आली, जराही हलली नाही. त्यावरून काहीच कळत नाही. तिची रेघ नेहमीच सरळ येते.

मग तिने माझ्या डब्यातून एक कोरी चिठ्ठी घेतली आणि माझ्यासमोर, न लपवता, इंग्रजीत एक ओळ लिहिली. कामाशिवाय चिठ्ठी नाही, असं मी म्हणाले नाही. चिठ्ठी तिने टेबलावरच ठेवली, टाचणी लावून.

बटणवाल्याचं दुकान सातपर्यंत उघडं असतं. मी गेले नाही. आज तरी.