सुरुंगाआधी

विनया मानेसरच्या पुढच्या त्या डोंगरावर पोचली तेव्हा कातळात सुरुंगाची भोकं पाडून झाली होती, फक्त दारू भरायची राहिली होती. सत्त्याण्णव सालचा मार्च होता. गुडगावात रोज नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांना खडी कितीही आणली तरी पुरत नव्हती. विनयाच्या कंपनीला इथे खाण मिळाली होती आणि जमिनीच्या पाहणीच्या अहवालावर सही तिचीच होती.

त्या अहवालात तिने झुडपांनी भरलेल्या एका जागेपुढे ‘जुना खड्डा, कोरडा’ असं लिहून टाकलं होतं. वरूनच पाहून. आदल्या दिवशी संध्याकाळी, शेवटची मापं घ्यायला आलेली असताना, गावातल्या शरबती नावाच्या बाईने तिला हाताला धरून तिथे नेलं. झुडपांच्या आत दगडी पायऱ्या होत्या, कोरीव कोनाडे होते आणि तळाशी झऱ्याचं गार, नितळ पाणी होतं. ती तीन-चारशे वर्षांपूर्वीची बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर होती. मे महिन्यात हातपंप आटले की सगळं गाव इथलंच पाणी भरायचं.

सुरुंगाच्या भोकांपासून बावडी जेमतेम साठ पावलांवर होती. पहिल्याच धक्क्याला झऱ्याची वाट बदलेल, हे विनयाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिचे साहेब खुराना चंदीगडला गेले होते, फोन लागत नव्हता. त्या रात्री दिल्लीत, मयूर विहारच्या घरी तिने नवऱ्याला, दिलीपला सगळं सांगितलं. नोकरी जाईल का, असं त्याने विचारलं. जाईल बहुतेक, ती म्हणाली. सकाळी त्यानेच तिला स्कूटरवरून कंपनीच्या बसपर्यंत सोडलं आणि घरी परतून खुरानांना फोन लावत राहायचं कबूल केलं.

सुरुंगाचं काम हणमंताकडे होतं. मूळचा सोलापूरकडचा, दगडाच्या कामामागे फिरत फिरत इथवर आलेला. कंपनीच्या सहीच्या कागदाशिवाय काम थांबवता येत नाही, एवढंच तो म्हणाला. विनयाने दगडावर वही टेकवली आणि लिहिलं, माझा अहवाल चुकला आहे, तो मी मागे घेते. खाली सही केली.

हणमंताने कागद दोनदा वाचला. “बाई, हे तुमच्याच अंगावर येणार,” तो म्हणाला.

“येऊ दे.”

त्याने दारूच्या पेट्या परत गाडीत ठेवायला सांगितल्या.

दुपारी साडेचारला खुरानांची जीप आली. दिलीपचा निरोप त्यांना सकाळी चंदीगडला मिळाला होता आणि ते तडक निघाले होते. ते विनयाला सगळ्यांदेखत खूप बोलले आणि तिने ते ऐकून घेतलं, कारण त्यांचं खोटं नव्हतं. मग ते तिच्यामागून पायऱ्या उतरले. खाली त्यांनी पाण्यात हात घालून पाहिला. ते वर आले तेव्हा तिथे शरबती उभी होती. ही आता खाण बंद करायला सांगणार, असंच विनयाला वाटलं.

“साहब, मेरी दोनों बहुएँ पत्थर तोड़ती हैं,” शरबती म्हणाली. “खदान भी चाहिए, पानी भी.”

खुरानांनी विनयाकडे पाहिलं. डोंगराच्या पश्चिमेच्या अंगालाही तोच दगड आहे, ती म्हणाली, तिची मापं तयार आहेत. रस्ता दीड किलोमीटर लांबेल, पण मधल्या खोल घळीमुळे बावडीपर्यंत हादरा येणार नाही. यावेळी स्वतःच्या पायांनी फिरून लिहा, एवढं बोलून ते जीपकडे वळले. नव्या परवानगीच्या अर्जावर सही तिचीच लागेल, असंही जाता जाता म्हणाले. म्हणजे नोकरी शाबूत होती. विनयाला ते समजायला थोडा वेळ लागला. मग वरच्या पायरीवर बसून तिने वहीतली पश्चिमेची मापं काढली.

परवानगी येईपर्यंत हणमंताच्या माणसांना बावडीतला गाळ काढायचं काम मिळालं. मेच्या अखेरीस पश्चिमेला पहिला सुरुंग उडाला तेव्हा विनया मुद्दाम बावडीत, पाण्याजवळ थांबली होती. लांबून दबका आवाज आला. पाण्यावर साधा तरंगही उठला नाही. घागर बुडवायला आलेल्या शरबतीने तिला जरा बाजूला सरकायला सांगितलं, वाटेत बसली होती म्हणून.