काठापर्यंतचा उजेड

बहिणीनं हसत हसत एखादी वस्तू देऊन टाकावी आणि भावानं ती खरोखरच उचलून न्यावी, यात चूक कुणाची? सिहोऱ्यात, साधनाच्या माहेरच्या गावात, विचाराल तर लोक बहिणीची सांगतील. देताना कळत नव्हतं का, म्हणतील. साधनाला खरंच कळलं नव्हतं. भाऊबीजेला तिनं निकेशला ओवाळलं, त्यानं ताटात साडी ठेवली आणि म्हणाला, "ताई, यंदा तू मले ओवाळणी दे. तो आरसा मले दे." घरातले सगळे हसले. तीही हसली. "घे, तुयाच त आहे," म्हणाली. धाकटा भाऊ लाडानं मागतोय, आणखी काय असणार?

आरसा म्हणजे तोंड पाहायचा नव्हे. राईस मिलमध्ये तांदूळ निवडायचं मशीन असतं. वरून तांदळाची रुंद धार पडते, फिरत्या आरशावरून लेझरचा किरण त्या धारेवर या काठापासून त्या काठापर्यंत झाडू मारल्यासारखा फिरतो आणि काळा-लाल दाणा दिसला की मशीन त्याला हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवतं. पण उजेड सगळीकडे सारखा पडत नाही. पंगतीत मधल्यांना भाजी आणि टोकाच्यांना नुसता रस्सा, तशी गत. काठावर अंधूक असतं, म्हणून तिथं मशीन चांगला दाणा फेकतं आणि लाल तसाच सोडतं. मिलवाले बिचारे वैतागून काठाकडची जागा पुठ्ठा लावून बंद करत आणि मशीन अर्धपोटी चालवत.

निकेश हीच मशीनं दुरुस्त करत गावोगाव फिरायचा. हे रडगाणं त्यानंच बहिणीच्या कानावर घातलं. साधना फिजिक्सची एम.एस्सी., पुण्यात आरशांवर लेप चढवणाऱ्या प्रयोगशाळेत काही वर्षं काम केलेली. लग्नानंतर लाखनीला आली आणि कॉलेजात तासिकेवर शिकवू लागली. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्ट्या लागल्या की हात हलवत घरी. तिनं विचार उलटा केला. काठाचा उजेड वाढवण्याच्या भानगडीत पडायचंच नाही, मधला थोडा दाबायचा. किरण आरशावर मधल्या भागासाठी सरळ पडतो, काठांसाठी तिरपा. तेव्हा लेपाचे पातळ थर असे बसवायचे, की सरळ किरण थोडा आत निसटावा आणि तिरपा मात्र पुरता परत यावा. त्या थरांची जाडी जुळवण्यात तिच्या सुट्ट्याच्या सुट्ट्या गेल्या. स्वयंपाक आटोपला की लॅपटॉप, दुसरं काही नाही.

नागपूरच्या एका कंपनीनं तसा आरसा बनवून बघायचं कबूल केलं. त्यांच्याशी बोलायचा निकेश, कारण ओळख त्याची. प्रयोग जमला तर डिझाइन करणाऱ्याला आमच्या प्रयोगशाळेत कायमचं घेऊ, असं कंपनीनं सांगितलं होतं. साधना त्या एका वाक्यावर जगत होती.

प्रयोग सिहोऱ्यातल्या भय्याजींच्या राईस मिलमध्ये मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या गावजत्रेच्या, दिवशी ठेवला. मंडईला पाहुणे येतातच, चार गावचे मिलवाले आयते जमतील, असा भय्याजींचा बेत. साधना आईबरोबर, कुंताबाईंबरोबर, बायकांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर बसली होती.

इकडच्या मिलवाल्यांची परीक्षा ठरलेली आहे. मशीन विकणारा कितीही गोड बोलो, ते लाल दाण्यांची मूठ भरतात आणि नेमकी धारेच्या काठावर टाकतात. भय्याजींनी मूठ टाकली. लाल दाणे टपाटप उडून बाजूला पडले. दुसऱ्या काठावर टाकली, तिथंही तेच. म्हातारे मिलवाले खालचा पांढराशुभ्र तांदूळ तळहातावर घेऊन घोळवू लागले. साधनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग कंपनीचे साहेब उभे राहिले. हे डिझाइन निकेशजींचं आणि पुढच्या महिन्यापासून ते आमच्या प्रयोगशाळेत येत आहेत, असं त्यांनी जाहीर केलं. भय्याजींनी शाल-श्रीफळ दिलं. टाळ्या वाजल्या. साधनाचेही हात टाळीसाठी उचलले गेले होते, ते तसेच राहिले. केसानं गळा कापणं म्हणजे काय, हे तिला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या समजलं.

बारदान्याच्या थप्पीमागे तिनं त्याला गाठलं. तो घाबरलासुद्धा नाही. हेच तिला जास्त लागलं.

"तूच त देल्ला ना, ताई. साऱ्यांसमोर."

"मी काय देल्लं होतं, निकेश?"

"आरसा. नाव कोनाचं टाकू, असं विचारून राहिले होते ते. मी तुले मागतलं, तू घे म्हनली." मग आवाज उतरवून, समजूत घातल्यासारखं तो म्हणाला, "अन् तू लाखनी सोडून कुठं जात होती? जवाई जाऊ देत होते का? वायाच गेली असती नोकरी."

नवऱ्याला, चंद्रकुमारला, तिनं कधीच विचारलं होतं. नागपूरला रोज जाण्यायेण्याच्या बसच्या वेळा त्यानंच काढून ठेवल्या होत्या. निकेशनं मात्र कुणालाच विचारलं नव्हतं. ती हे सांगणार, एवढ्यात त्याला चहाला हाक आली आणि तो खांद्यावरची शाल सावरत गेला.

चहा घेता घेता साहेबांनी सहज विचारलं, मधला उजेड मुद्दाम कमी करायचा, हे सुचलं कसं? निकेशचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं आईशेजारी उभ्या असलेल्या साधनाकडे पाहिलं. लहानपणी पाढा अडला की तो असाच बघायचा आणि ती ओठ हलवून पुरवायची. आज तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. दिसू दे सगळ्यांना, असं तिच्या मनात आलं. पण बघतंय कोण? निकेश हसला आणि म्हणाला, "साहेब, सारं इथंच सांगून टाकलं त नागपूरले येऊन काय करू?" सगळे खो खो हसले. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कप खाली ठेवला.

मंडईच्या गर्दीतून मायलेकी घराकडे निघाल्या. साधनाला आता एकच आधार उरला होता. आईला लेझर कळत नाही, लेप कळत नाही. पोरानं केलं असं सांगितलं, तिनं मानलं, तिचा काय दोष? घरी गेल्यावर तिला पहिल्यापासून नीट सांगायचं. आई नक्की कान धरेल त्याचा. या विचारानं तिची पावलं जरा हलकी झाली.

मिठाईच्या दुकानापाशी गर्दी विरळ झाली, तेव्हा कुंताबाई थांबल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि लेकीकडे न बघता म्हणाल्या,

"साहेबानं विचारलं तवा काहून नाई सांगतलं वं निकेशले? तूनंच त केला होता आरसा, तुले ठाऊक होतं. भाऊ अडकला होता, अन् तू नुसती पाहत राहिली."